माघारी कोण बघणार

गेल्या वर्षी जूनमधे आईने मला एका माणसाला एक प्रश्न विचारायला सांगितला आणि मी तो विचारला नाही. म्हणजे त्याच्या जागी दुसराच विचारला. आईला इंग्रजी बऱ्यापैकी कळतं पण बोलायची सवय नाही, आणि समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना मराठी येणार कुठून, त्यामुळे मधे उभी राहून मी जे बोलेन तेच दोघांपर्यंत पोचणार होतं. आईने विचारलं होतं, "तुमच्या माघारी हे सगळं कोण बघणार?" आणि मी त्यांना विचारलं की ही बाग तुम्ही किती वर्षं करताय. ते खूश झाले, म्हणाले एक्केचाळीस वर्षं. मी आईकडे वळून म्हटलं, एक्केचाळीस वर्षं. आई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. एवढं इंग्रजी तिला कळतं.

तेव्हापासून तो न विचारलेला प्रश्न माझ्याकडेच राहिलाय.

आम्ही न्यू जर्सीत राहतो, आई दोन-तीन वर्षांनी एकदा मे महिन्यात येते आणि थंडी सुरू व्हायच्या आत परत जाते. इथे आलेल्या सगळ्या आईवडिलांचं होतं तेच तिचं होतं, आठवडाभर आम्ही कामावर, मुलं शाळेत, ती घरात एकटी, चालत जावं असं जवळपास काही नाही, मग शनिवार-रविवार आला की तिला कुठेतरी न्यायलाच हवं असं मला वाटत राहतं. मॉल आणि देवळं दोन्ही करून झाली होती. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने गार्डन कॉन्झर्व्हन्सी नावाच्या संस्थेच्या ओपन डेजबद्दल सांगितलं, की लोकांच्या स्वतःच्या बागा, मोठमोठ्या इस्टेटीतल्या, एरवी फाटकाच्या आत कुणी घेणार नाही अशा, उन्हाळ्यात एखाद्या दिवसापुरत्या उघडतात, माणशी दहा डॉलर तिकीट, आणि तो पैसा बागा जपायच्या कामाला जातो. आई कोल्हापूरची, पस्तीस वर्षं स्वतःच्या हाताने बाग केलेली. मी लगेच दोन तिकिटं काढली.

इथे जून म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात, हे आईला अजून पटत नाही. तिचा उन्हाळा शिमग्याला सुरू होतो, पळस फुलतो, मोगऱ्याला कळ्या धरायला लागतात, आणि जून म्हणजे मृग, पाऊस, पेरण्या. इथे मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी स्वेटर लागतं आणि दुपारी ऊन चांगलंच जाणवतं, आणि मधल्या वेळात सगळं एकदम फुलतं, जणू काही चार महिन्यांचं काम चार आठवड्यांत उरकायचंय. तशीच ती निघाली, पंजाबी ड्रेसवर स्वेटर, पायात नातवाचे जुने बूट, आणि मी तिला पायजम्याच्या खालच्या कडा मोज्यात खोचायला लावल्या, कारण हडसन नदीच्या पलीकडच्या त्या सगळ्या भागात गोचिडांचा त्रास आहे आणि त्यातून होणारा लाइम नावाचा आजार वाईट. "गोचीड गुरांना लागतात," आई म्हणाली, पण खोचल्या.

फाटकातून आत गेलं की लांबलचक खडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना जुने बीच वृक्ष, हत्तीच्या पायासारख्या करड्या गुळगुळीत बुंध्यांचे, आणि त्याच्या शेवटी दगडी घर. घराशेजारी एक घडीचं टेबल मांडून ते गृहस्थ स्वतः बसले होते, गवती टोपी, हातात नावांची यादी. ऐंशीच्या पुढचे असावेत. आम्हाला एक झेरॉक्स केलेला नकाशा दिला आणि म्हणाले, खालच्या तळ्यापर्यंत जाऊन या, तिथपर्यंत फार कमी लोक जातात.

रात्री पाऊस झाला होता. पिओनीची फुलं, ज्यांनी पाहिली नसतील त्यांना काय सांगू, वाटीएवढी, काही तर छोट्या ताटलीएवढी, पाकळ्यांवर पाकळ्या इतक्या की पाणी आत साठून देठ वाकले होते आणि फुलं मातीला टेकली होती. आईने त्यातलं एक दोन्ही हातांच्या ओंजळीत घेऊन उचललं, हळूच झटकलं, पाणी काढलं आणि सोडलं. मग दुसरं, मग तिसरं. अख्ख्या वाफ्याला तिने असं केलं. न उमललेल्या कळ्यांवर मुंग्या फिरत होत्या, त्या बघून तिला काळजी वाटली, तेव्हा मागून येणारे ते गृहस्थच म्हणाले (टेबलावर तेवढ्यात दुसरं कुणीतरी बसलं होतं) की असू देत, कळीवर गोडसर रस सुटतो त्यासाठी येतात, झाडाचं काही बिघडवत नाहीत. आणि वाफ्याच्या टोकाचं एक जुनं, रुंद पसरलेलं झाड दाखवून म्हणाले, हे माझं नाही, माझ्या आधी इथे राहायच्या त्या बाईंनी लावलेलं, मी आलो तेव्हाच ते म्हातारं होतं. पिओनीचं एक झाड शंभर वर्षंही जगतं म्हणे. आईने त्या झाडाला हात लावला. देवाला नमस्कार करताना लावतो तसा, बोटं लावून बोटं कपाळाला.

त्यांच्याबरोबर आम्ही बरंच फिरलो. ते बोलायचे, मी सांगायची, आई मान हलवायची, आणि थोड्या वेळाने माझी गरजच उरली नाही कारण ते एखाद्या पानाची मागची बाजू उलटून दाखवायचे आणि आई स्वतःहूनच वाकून बघायची. येताना लागलेल्या बीचच्या पानांमधे शिरांच्या मधे गडद पट्टे पडलेत ते त्यांनी दाखवले. तो एक रोग आहे, २०१२ मधे ओहायोत पहिल्यांदा लक्षात आला, डोळ्यांना दिसणारही नाही असा एक सूत्रकृमी पानाच्या कळीतच शिरतो, आणि बघता बघता तो इकडे पूर्वेला येऊन पोचला. हेमलॉक नावाच्या सूचिपर्णी झाडांना पांढऱ्या कापसासारखी कीड. बॉक्सवुडच्या कुंपणाला करपा, तीस वर्षं कातरून कातरून आकाराला आणलेलं कुंपण एका ओल्या उन्हाळ्यात तपकिरी पडलं, उपटून जाळावं लागलं. आणि याच्याही आधी, १९०४ मधे न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात एक बुरशी दिसली आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत या अख्ख्या पूर्व किनाऱ्यावरचे अमेरिकन चेस्टनटचे महावृक्ष गेले, कोट्यवधी झाडं. हे सगळं ते तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते. घरातल्या माणसांची दुखणी सांगावीत तसं सांगत होते, याला शुगर, तिचे गुडघे.

खालच्या तळ्याच्या वाटेवर एक पांढरं झुडूप होतं. वास आधी आला. मी इतकी वर्षं इथे राहून असं कधी झालं नव्हतं, चालता चालता आम्ही दोघी एकदमच थांबलो. चार पाकळ्यांची साधी पांढरी फुलं, मधे पिवळे तुरे, दिसायला फार काही नाही, पण वास मोगरा आणि संत्र्याचं फूल यांच्या मधला कुठलातरी. मॉक ऑरेंज म्हणतात त्याला. आई म्हणाली, "अगं हे आपल्यातलंच आहे काहीतरी." आणि मग, लहान मुलीने विचारावं तसं, "एक घेऊ का देवाला?"

मी म्हटलं, आई, इथे तोडायचं नसतं.

बरोबरच होतं ते, नकाशावर खाली लिहिलेलंच होतं. पण माझा आवाज जरा जास्त चढला, आणि आईचा पुढे झालेला हात मागे गेला. मग ती खाली वाकली आणि झुडपाखाली गळून पडलेलं एक फूल उचललं, ओल्या मातीला चिकटलेलं, ओढणीच्या टोकाने पुसलं आणि मुठीत धरलं. पुढचा तासभर ते तिच्या मुठीत होतं. आणि परत वर टेबलापाशी आल्यावर, निघताना, तिने तो प्रश्न विचारला.

गाडीत ती गप्प. टॅपन झीचा पूल लागला, खाली हडसन पसरलेली, मी काहीतरी दाखवायचं म्हणून दाखवत होते. पूल संपल्यावर म्हणाली, "तू विचारलंच नाहीस ना?"

"आई, असं विचारत नाहीत इथे. वय झालंय त्यांचं. वाईट वाटेल."

"वय झालंय म्हणूनच विचारायचं की. तरण्या माणसाला कशाला विचारू?"

आमच्या घरी, म्हणजे रंकाळ्याजवळ जे घर होतं तिथे, बाग अशी आखलेली कधी नव्हती. पुढे दहा-बारा फूट, एका बाजूला बोळ, मागे परसदार. पण त्या एवढ्याशा जागेत काय नव्हतं. तगर, जास्वंद, दोन रंगांची कण्हेर, पारिजातक, अनंत, सोनटक्का, गवती चहा, कढीपत्ता, आणि मागच्या भिंतीला सोनचाफा जो बाबांनी लावला आणि दहा वर्षं फुललाच नाही आणि फुलला तेव्हा अख्ख्या गल्लीला कळलं. मोगरा डालड्याच्या डब्यांत. भांडी घासायचं पाणी जाऊन पोचायचं ते केळीला, तांदूळ धुतलेलं गुलाबाला. पहाटे पाच-साडेपाचपासून फाटकाची कडी वाजायची, गल्लीतली माणसं पूजेची फुलं न्यायला यायची. तेव्हा आम्ही झोपलेलो असायचो, त्यामुळे माझ्या लहानपणातला सकाळचा पहिला आवाज म्हणजे ती कडी. आईचा नियम एकच, कळ्या तोडायच्या नाहीत आणि निम्मी फुलं झाडाला ठेवायची. तिकीट नव्हतं, नकाशा नव्हता, आणि ओपन डे म्हणायचा तर रोजच. हे आता सुचतंय. त्या दिवशी तिने एक फूल मागितलं आणि मी नाही म्हटलं तेव्हा नव्हतं सुचलं.

बाबा गेल्यावर दोन वर्षांनी आम्ही ते घर डेव्हलपमेंटला दिलं. मी इथून आणि दादा बंगळुरूहून, दोघांनी फोनवर ठरवलं. आई एकटी, घर जुनं, गळतंय, हे सगळं खरंच होतं आणि आजही मला तो निर्णय चुकला असं म्हणता येत नाही. पण त्या सहा महिन्यांच्या बोलण्यात कार्पेट एरिया आला, पार्किंग आलं, लिफ्ट कुठल्या कंपनीची हे आलं, आणि बाग हा शब्द आला नाही. आईने एकच मागितलं होतं, "पावसापर्यंत थांबा. जूनमधे फांद्या लागतात, उन्हाळ्यात लागत नाहीत." आम्हाला वाटलं ती घर सोडायला चालढकल करतेय. बिल्डरला एप्रिलमधे सुरुवात करायची होती, दोन महिने थांबायचं म्हणजे दोन महिन्यांचं भाडं वर. एप्रिलच्या अखेरीला जेसीबी आला. दादा सांगतो, आदल्या दिवशी भर दुपारी आई डोक्यावर ओला टॉवेल टाकून फांद्या काढत होती, दुधाच्या पिशव्यांत माती भरून त्यात खोचत होती, आणि पोतं ओलं करून त्यावर टाकत होती. सोनचाफ्याला तिने काही केलं नाही. त्याची फांदी लागत नाही, कलमच लागतं, हे तिला माहीत होतं.

आम्ही तिला विचारलं नाही. तुझ्यानंतर या बागेचं काय, असं कुणी विचारतं तर बाग वाचली असती असंही नाही, जागा तेवढीच, भाव तेवढाच. पण कुणीतरी विचारायला हवं होतं.

त्या ओपन डेच्या रात्री झोप येईना तेव्हा मी ही संस्था सुरू कशी झाली ते वाचत बसले आणि वाचता वाचता उठून बसले. कॅलिफोर्नियात वॉलनट क्रीक म्हणून गाव आहे, तिथे रूथ बॅनक्रॉफ्ट नावाच्या बाई होत्या. त्यांच्या सासरच्यांच्या अक्रोडाच्या बागा होत्या, त्या हळूहळू गेल्या, शेवटची तोडली तेव्हा ती जागा त्यांना मिळाली आणि त्यांनी तिथे निवडुंगं आणि सक्युलंट, म्हणजे पाणी साठवणारी जाड पानांची झाडं, लावायला सुरुवात केली, आधी कुंड्यांतून जमवलेली. साल १९७२, वय साठीच्या पुढे. त्याच डिसेंबरात असं हिव पडलं की लावलेलं बहुतेक सगळं मेलं. त्यांनी परत लावलं. १९८८ मधे फ्रँक कॅबट नावाचे एक गृहस्थ, स्वतः मोठे बागवान, बायकोबरोबर ती बाग बघायला आले, तेव्हा बाई ऐंशीच्या आसपास होत्या, आणि कॅबटनी त्यांना विचारलं की तुमच्यानंतर या बागेचं काय होणार. तशी काहीच सोय नव्हती. परत जाताना गाडीत कॅबटच्या बायको, अ‍ॅन, म्हणाल्या की मग अशा बागांसाठी एक संस्थाच का काढत नाहीस. पुढच्या वर्षी, १९८९ मधे, गार्डन कॉन्झर्व्हन्सी सुरू झाली, रूथबाईंची बाग तिचं पहिलं काम. ती बाग १९९२ मधे लोकांना खुली झाली. रूथबाई २०१७ मधे गेल्या, १०९ वर्षांच्या होऊन. बाग आजही आहे.

म्हणजे मी जो प्रश्न गिळून टाकला त्याच प्रश्नातून ती संस्था निघाली होती, जिचं तिकीट काढून आम्ही गेलो होतो.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचते. इंग्लंडमधे १९२७ सालीच लोकांनी अशा बागा उघडल्या होत्या, घरोघरी जाणाऱ्या नर्सेसच्या मदतीसाठी, माणशी एक शिलिंग, पहिल्याच वर्षी ६०९ बागा. आमच्या शेजारच्या शॉर्ट हिल्समधली ग्रीनवुड गार्डन्स, जिथे मी मुलांना घेऊन दोनदा जाऊन आले, तीसुद्धा एका कुटुंबाची राहती इस्टेट होती, वडिलांच्या पश्चात मुलाने ती लोकांची करायची ठरवली, गार्डन कॉन्झर्व्हन्सीने हात दिला, आणि मोडकळीला आलेल्या पायऱ्या, कारंजी, टाइल्स दुरुस्त होऊन २०१३ मधे ती उघडली. आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट अल्काट्राझची. तो तुरुंग. त्या खडकाळ बेटावर पहारेकऱ्यांच्या घरच्यांनी आणि कैद्यांनी बागा केल्या होत्या. १९६३ मधे तुरुंग बंद झाला, त्यानंतर चाळीस वर्षं तिथे कुणी पाणी घातलं नाही, आणि २००३ मधे संस्थेने काम सुरू केलं तेव्हा काटेरी जाळ्यांच्या खाली जुनी झाडं जिवंत होती, गुलाब, अंजीर, कंद. त्यातला बार्डू जॉब नावाचा एक लाल वेलगुलाब वेल्समधे हरवल्यासारखाच झाला होता. त्याच्या फांद्यांवरून केलेली रोपं परत वेल्सच्या म्युझियमच्या बागेत गेली. तुरुंगातून.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही आणि ती लिहिलीच पाहिजे. या इस्टेटी पैशावर उभ्या आहेत, खूप पैशावर. ज्यांनी दगड रचले आणि खड्डे खणले त्यांची नावं त्या झेरॉक्सच्या नकाशावर नसतात. त्या दिवशीही तळ्याच्या पलीकडे दोन माळी स्पॅनिशमधे बोलत काम करत होते आणि त्यांच्यापाशी कुणी थांबत नव्हतं. आई थांबली. त्यातल्या एकाने खुरप्यासारखं काहीतरी हातात धरलं होतं, ते तिने मागून घेतलं, धार बोटाने बघितली, परत दिलं. तो हसला. आणि दुसरं असं की बाग जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं? हिरवळीचा गालिचा जपायचा, की तिथे राहणाऱ्या जिवांना जपायचं? डेलावेअरचे प्राध्यापक डग टॅलमी सांगतात की चिकडी नावाचा आपल्या चिमणीहूनही छोटा पक्षी एका वेळची पिल्लं वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या वेचून आणतो, आणि त्या अळ्या इथल्या मातीतल्या झाडांवरच मिळतात, बाहेरून आणलेल्या शोभेच्या झाडांवर जवळजवळ नाहीतच. त्या गृहस्थांनी खालची हिरवळ दहा वर्षांपूर्वी काढून टाकली होती आणि तिथे गवताळ रान केलं होतं, मिल्कवीड लावलं होतं मोनार्क फुलपाखरांसाठी, कारण त्यांच्या अळ्या दुसरं काही खातच नाहीत. दिसायला ते रान वरच्या बागेपुढे काहीच नव्हतं. पण आवाज सगळा तिथे होता, भुंगे, पाखरं, बेडूक. फार कमी लोक तिथपर्यंत जातात असं ते म्हणाले होते, आणि मला वाटतं त्यांना जे दाखवायचं होतं ते तेच होतं.

डिसेंबरमधे मी कोल्हापूरला गेले. आमच्या जागी आता चार मजली बिल्डिंग आहे, आई दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत सात कुंड्या. खाली सगळं पेव्हर ब्लॉक, तुळशीचं वृंदावन तेवढं बिल्डरने बांधून दिलंय. मला खाली बघायला नको वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला आम्ही दोघी निघालो आणि कोपऱ्यावरच्या घरापाशी आई थांबली. कुंपणाबाहेर अनंताची फांदी आली होती. "हा आपला," आई म्हणाली. मला कळेना. पुढे मेडिकलच्या दुकानामागे पारिजातक, खाली सडा. "हापण." एका घरी डबल जास्वंद, एका घरी सोनटक्क्याचं अख्खं बेट, जिम झालीय तिच्या बोळात कढीपत्ता. कुणाच्या मुलीच्या लग्नात दिलेला, कुणाला बाळंतपणानंतर, एक त्या शेवटच्या एप्रिलमधला, दुधाच्या पिशवीतला, त्या पिशव्यांतला तेवढाच एक जगलेला. मी मोजत होते, अकरा घरं झाली. आई मोजत नव्हती. एका घरातल्या काकू बाहेर आल्या, म्हणाल्या, वहिनी, फुलं घेऊन जावा की, आणि आईने पिशवी पुढे केली. निम्मी ठेवली झाडाला.

मी परतल्यापासून वाट बघत होते. या वर्षी यादी आली तेव्हा त्यात त्यांची बाग आहे हे बघून आधी बरंच वाटलं. परवाच्या शनिवारी एकटीच गेले. टेबलावर त्यांची मुलगी होती, ते घराच्या सावलीत खुर्चीवर, जवळ काठी. बीचच्या पानांचे पट्टे वाढलेत, एक झाड वरून विरळ झालंय. पिओनी फुलली होती, यंदा पाऊस नव्हता त्यामुळे ताठ. मी जवळ जाऊन सांगितलं की मागच्या वर्षी मी आईला घेऊन आले होते, आणि तिने तुम्हाला जे विचारलं ते मी तुम्हाला नीट सांगितलं नाही. मग विचारलं. मराठीत ते वाक्य केवढंसं आहे, माघारी कोण बघणार. इंग्रजीत मला तीन वाक्यं लागली.

त्यांना वाईट वाटलं नाही. म्हणाले, हे मला लोक विचारत नाहीत, माझ्या मागे आपसात बोलतात. मग सांगितलं. जमिनीची सोय झाली आहे, तिच्यावर कायद्याचा करार केलाय, पुढे मालक कुणीही आला तरी तिथे प्लॉट पाडता येणार नाहीत. बागेचं ठरलेलं नाही. मुलगी शनिवार-रविवार येते पण तिचं आयुष्य बॉस्टनमधे आहे. एवढी बाग चालवायला पैसा लागतो आणि त्याहून जास्त, रोज सकाळी कुणीतरी ती बघायला लागतं. कराराने तळं राहील, झाडं राहतील, पिओनी काही वर्षं गवतातून वर येत राहील. मग त्यांनी विचारलं, तुझ्या आईने हे का विचारलं? मी आमच्या घराचं सांगितलं, जेसीबीचं, आणि अकरा घरांचं. त्यांनी विचारलं कुठली झाडं. अनंत म्हणजे गार्डेनिया हे कळल्यावर म्हणाले, इथे बाहेर नाही टिकणार ती, हिवाळ्यात जाईल. थोडा वेळ ते पिओनीकडे बघत राहिले. तेवढ्यात दुसरी माणसं आली, आणि मी उठले.

रात्री, म्हणजे तिकडची सकाळ, आईला फोन केला आणि ते जे जे बोलले ते सगळं सांगितलं, या वेळी काहीही न बदलता. तिने मधे एकदाही तोडलं नाही. मागे कुकरची शिट्टी झाली, गॅस बारीक करून आली.

"मुलीला विचारायचं होतंस," म्हणाली, "तिच्या घरी अंगण आहे का." आणि मग लगेच, "ते मोगऱ्यासारखं होतं बघ तळ्याच्या वाटेला, त्याला यंदा होती का फुलं?"

भरलं होतं, मी म्हटलं. खाली सडा पडला होता. एक उचलून आणलंय.